सोडा, काका

"परत लावा," पंचकाका म्हणाले. "घासू नका. टेकवा, आणि हिरवा होईपर्यंत थांबा."

"थांबतो कसला! मागून रेटतायत," टायवाला माणूस म्हणाला आणि त्याने कार्ड पुन्हा मशीनवरून फडकं मारल्यासारखं फिरवलं. लाल.

"अहो, पुसताय की बाहेर पडताय?" मागून कुणीतरी विचारलं. त्याच्या मागची बाई हसली. तिच्या मागे कुणाला हसण्याइतकीही जागा नव्हती.

संध्याकाळचे सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. गेट नंबर चारवर बाहेर पडायची सात मशीन होती आणि त्यांतल्या दोनवर सकाळपासून काळी पिशवी बांधलेली होती. सगळ्यांनी कार्ड नीट टेकवलं तर एक मशीन मिनिटाला पंचवीस माणसं बाहेर काढतं. पाच मशीन, सव्वाशे माणसं. या वेळची एक गाडी साधारण नऊशे माणसं उतरवते आणि पाच मिनिटांनी दुसरी येते. शाळकरी पोरालाही जमावं असं गणित होतं, पण स्टेशन बांधताना ते कुणी मांडलं नव्हतं.

पंचकाका या गेटवर सत्तावीस वर्षं होते. मशीन यायच्या आधी ते तिकिटांना पंच मारायचे, त्यावरून हे नाव पडलं. नंतर नोकरीला लागलेल्यांना वाटायचं, काका भांडणं सोडवतात म्हणून पंच. तेही खोटं नव्हतं. पंच मारायच्या काळातली एक सवय मात्र त्यांना कायमची लागली होती. ते माणसांच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. नखाखाली ग्रीस असलेला हात, अंगठी फिरवत येणारा हात, दोन बोटांत कार्ड आणि तिसऱ्यात किल्ली धरणारा हात. सहा पस्तीसच्या आत निळ्या खडूची भुकटी लागलेला एक हात यायचा. त्या हाताच्या बाईला ते मनात शिंपीणबाई म्हणत. चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सात मशीनच्या शेजारी एक रुंद दार होतं, चाकाच्या खुर्च्यांसाठी आणि मोठ्या सामानासाठी. ते पंचकाकांच्या कार्डाने उघडायचं. गर्दी फार झाली की ते दार उघडून माणसं तशीच बाहेर जाऊ द्यायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. पण दार उघडलं की त्याची नोंद व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी टेबलावर यायची: किती वाजता, किती वेळ, आणि समोर 'कारण' नावाचा रिकामा रकाना. 'गर्दी' एवढं लिहिलं तर चालत नसे. गर्दी कशामुळे, किती, आणखी काय उपाय केले, सगळं लिहायचं. मागच्या महिन्यात काकांनी नऊ वेळा दार उघडलं, त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. यापुढे दार उघडण्याआधी कंट्रोलला विचारायचं, असं त्यात लिहिलं होतं.

सहा चोवीसला त्यांनी वॉकी तोंडाजवळ नेला.

"कंट्रोल, गेट चार. दोन मशीन बंद. लोक जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आहेत. दार उघडू, की नको?"

कंट्रोलमध्ये त्या वेळी जी मुलगी बसायची तिला काकांनी दोनदाच समोरासमोर पाहिलं होतं. आवाज रोजचा होता. खरखर झाली, मागे दुसरा फोन वाजला आणि ती म्हणाली, "सोडा, काका."

आणि लाइन बंद.

काका वॉकी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो पट्ट्याला अडकवला आणि टायवाल्याकडे वळून म्हणाले, "परत लावा."

सहा सव्वीसला पुढची गाडी आली. जिना वरून भरला आणि खाली सरकला. शिंपीणबाईंनी कार्ड टेकवलं होतं, हिरवा दिवाही लागला होता, पण झडपा उघडायच्या आत मागचा लोट आला. त्यांचा हात मशीन आणि लोखंडी कठडा यांच्या फटीत गेला आणि अंग पुढे. "हात! माझा हात!" असं ओरडणं आधी दोनदा ऐकू आलं, मग नुसताच आवाज. त्या दिवशीच्या यादीत दार उघडल्याची वेळ सहा सत्तावीस अशी आहे.

माणसं भराभर निघून गेली. बाईंना बाकड्यावर बसवलं, तेव्हा काकांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बाई तरुण होत्या.

त्यानंतरचे अकरा दिवस काका कामावर गेले, घरी आले. भूक लागायची, जेवायचे. झोप यायची, झोपायचे. आपल्याला काहीच कसं होत नाही, असा प्रश्न एकदा आंघोळ करताना मनात आला, आणि पाणी संपल्यावर तोही गेला.

"अहो, बोला काहीतरी," बायको म्हणाली. "भिंतीशी संसार करतेय की काय मी?"

"काय बोलू?"

"उद्या चौकशी आहे तुमची. काय सांगणार?"

"जे झालं ते."

"ती पोरगी 'सोडा' म्हणाली ना? कंट्रोलच्या टेपवर आहे ना ते? मग तेवढंच सांगायचं. तुम्ही विचारलंत, ती नको म्हणाली, संपलं." तिने त्यांचा गणवेशाचा शर्ट इस्त्रीच्या फळीवर पसरला. "उगाच शहाणपणा करायला जाऊ नका. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीयत."

काकांनी मान हलवली. बायकोने ती होकाराची धरली.

चौकशी विभागीय कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर होती. व्हरांड्यात एकच बाकडं होतं आणि त्यावर कंट्रोलची मुलगी बसलेली होती. काकांना बघून ती उठली, मग पुन्हा बसली. तिची नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या कराराची होती. ठपका आला तर काढायचीही गरज नव्हती, नुसतं पुढचं पत्र दिलं नाही की झालं.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"मी सोडा म्हटलं, ते तुम्हाला काय वाटलं?"

काका तिच्या हाताकडे बघत राहिले.

"कारण मला ना, कळतच नाहीये," ती म्हणाली. "सोडा म्हणजे माणसं सोडा. दुसरं काय सोडणार? घरी आई म्हणते, अगं, सोडा म्हणजे राहू दे असंही होतं की. मी म्हटलं, गेटवरचा माणूस दार उघडू का विचारतोय, त्याला मी राहू दे कशाला म्हणेन? ती म्हणते, पण म्हणतात ना तसं. आता मलाच वाटायला लागलंय, मी नक्की काय म्हणाले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडवलं. "तीन फोन वाजत होते हो. एक शब्द जास्त बोलले असते तर काय झालं असतं?"

"जेवलीस का?" काकांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही."

तेवढ्यात आतून काकांना हाक आली.

चौकशी अधिकारी सर्दीने हैराण झालेले होते. शेजारी टायपिस्ट बाई होत्या. साहेबांनी आधी अपघाताचा अहवाल वाचला: जखमी प्रवासी, व्यवसाय शिवणकाम, पत्ता, उजव्या मनगटाची दोन हाडं, अंगठ्याची शीर. वाचताना त्यांनी दोनदा नाक पुसलं. मग टेप लावली.

*दार उघडू, की नको?*

*सोडा, काका.*

त्यांनी ती तीनदा लावली. काकांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. कुणीतरी म्हातारा माणूस विचारत होता.

"ऐकलंत," साहेब म्हणाले. "आता बघा, प्रकरण सरळ आहे. ती म्हणाली, सोडा. म्हणजे, जाऊ द्या, नको. तुम्ही नियमाप्रमाणे विचारलंत, वरून नकार आला, तुम्ही दार उघडलं नाहीत. बरोबर? तुमच्यावर काही येत नाही. हो म्हणा, बाई लिहून घेतील."

"ती तसं म्हणाली नव्हती."

"टेपवर आहे."

"टेपवर शब्द आहे, साहेब."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. "बरं. मग तुम्हाला काय कळलं? उघडा, की नको? पंच म्हणतात ना तुम्हाला? द्या निकाल."

"दोन्ही कळलं."

टायपिस्ट बाईंचा हात थांबला. "दोन्ही कसं लिहू? इथे एकच रकाना आहे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, खरंच अडचण होती.

काकांनी टेबलाकडे बघितलं. काच होती, काचेखाली जुनं वेळापत्रक होतं. "मग लिहा," ते म्हणाले, "दार उघडायला सांगितलंय, हे कळलं होतं. उघडलं नाही."

"का?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कारण लिहावं लागतं."

साहेबांनी टायपिस्ट बाईंना हाताने थांबवलं. मग साहेब हळूच म्हणाले, "अहो, सत्तावीस वर्षं झाली तुमची. जरा विचार करा. मी हे वाक्य अजून ऐकलेलं नाही, असं समजतो."

"सातव्या पायरीपर्यंत लोक आले की उघडायचं, हे मला कंट्रोलला विचारायची गरज नव्हती. रोज बघतो मी. ती सोडा म्हणाली, आणि मला वाटलं, बरं झालं, याचा अर्थ नको असाही होतो. तेवढं वाटायला अर्धा क्षणही लागला नाही. सोयीचा होता तो अर्थ." काका टायपिस्ट बाईंकडे वळले. "लिहा, बाई. ती मुलगी बरोबर बोलली होती."

बाईंनी लिहिलं. काकांनी दोन प्रतींवर सही केली. निकाल येईपर्यंत गेटवर जायचं नाही, कार्ड आणि वॉकी जमा करायचा, असं साहेबांनी सांगितलं, आणि निकाल काय येईल तेही आवाजावरून कळत होतं. बाहेर मुलगी उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. "तुझं काही नाही," काका म्हणाले आणि जिना उतरले. तिने वरून "काका!" अशी हाक मारली. त्यांनी वर बघून हात केला, पण थांबले नाहीत.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," काका म्हणाले. ते खरं होतं.

अहवालातला पत्ता त्यांच्या लक्षात राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे गेले. एका इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर एक खोली होती. दारावर 'लांबी कमी-जास्त करून मिळेल' अशी पाटी होती. आत एक मशीन, एक लांब टेबल आणि कापडाचे गठ्ठे. शिंपीणबाई टेबलाशी उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"पॅन्ट असेल तर सध्या घेत नाहीये," त्या न बघताच म्हणाल्या. "पडदे, चादरी, सरळ शिवण असेल तरच."

"काम घेऊन नाही आलो. मी स्टेशनवरचा. गेट चारचा."

"माझा पास संपला की काय?"

"नाही." काका दारातच उभे होते. "त्या दिवशी मी शेजारचं दार उघडायला हवं होतं. उघडता आलं असतं. उघडलं नाही."

बाईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही काकांचा चेहरा ओळखीचा नव्हता, हे दिसत होतं.

"का नाही उघडलंत?"

"उघडलं की लिहून द्यावं लागतं, का उघडलं ते. त्याचा कंटाळा."

"कंटाळा," बाई म्हणाल्या. बोटांनी कापडाचा पोत बघावा तसा त्यांनी तो शब्द उच्चारून बघितला. बाहेर कुणीतरी सायकल लावली, घंटी वाजली. "चार बोटं हलतायत," त्या म्हणाल्या. "अंगठा नाही हलत. डॉक्टर म्हणतात, बघू. डॉक्टर बघू म्हणाले की आपण काय समजायचं, ते आपलं आपण." मग म्हणाल्या, "जो कुणी त्या दिवशी तिथे उभा होता, त्याला काय काय बोलायचं ते सगळं पाठ होतं माझं. रोज म्हणायचे मनात. आता तुम्ही आलात, तर एक शब्द आठवत नाही."

"आठवला तर मी परत येईन," काका म्हणाले.

"कशाला? पाठांतर घ्यायला?"

त्या हसल्या नाहीत. टेबलावर पडद्याचं लांबलचक कापड पसरलं होतं. त्याची कड त्यांनी डाव्या हाताने नीट करायचा प्रयत्न केला. दुसरं टोक घसरलं. त्यांनी पुन्हा नीट केलं, ते पुन्हा घसरलं.

"उभेच आहात तर हे धरा," त्या म्हणाल्या. "ताणू नका. नुसतं धरा."

काका आत आले. त्यांनी कापडाचं टोक दोन्ही हातांनी धरलं. बाईंनी डाव्या हातात कात्री घेतली. कात्री उजव्या हाताची होती, त्यामुळे पाती कापड कापण्याऐवजी दुमडत होती. त्यांनी मनगट वळवलं, कोपर उचललं, पुन्हा लावलं. कात्री चालू लागली. वीतभर कापून झाल्यावर त्या थांबल्या आणि बघितलं. रेघ उजवीकडे गेली होती.

काकांनाही ते दिसलं.

"धरलंय ना?" बाईंनी विचारलं.

"धरलंय."

त्यांनी कात्री पुन्हा लावली आणि जिथे वाकडं झालं होतं तिथूनच पुढे कापायला सुरुवात केली.