मामांची धार

"दोन सुऱ्या आणल्यास ते बरं केलंस," मामा म्हणाले. "आता यातली एक परत कर."

लेक हसली. जंगलातल्या चौकीच्या ओट्यावर तिनं दोन्ही सुऱ्या बापासमोर ठेवल्या होत्या. एक चकचकीत, पाठीला करवतीसारखे दाते आणि मुठीत इवलंसं होकायंत्र असलेली. दुसरी काळपट, वीतभर लांब, लाकडी मुठीची. तिच्याकडे पाहून कुणी वा म्हटलं नसतं.

"होकायंत्र कशाला? रस्ता चुकलीस तर सुरीला विचारणार का?"

"दुकानदार म्हणाला, हिला गंज चढत नाही."

"दुकानदाराला कुठं गस्तीवर जायचंय? मूठ बघ आधी. या काळीचं पातं मुठीच्या बुडापर्यंत गेलंय, कडेला लोखंड दिसतंय ना? त्या नटवीचं बोटभर आत जाऊन थांबलंय. जोर दिलास की मूठ हातात आणि पातं झाडात. काळीला गंज चढतो, पण पुसला की जातो. परत आलीस की कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवायचं. आणि चामड्याच्या म्यानात रात्रभर ठेवायची नाही, चामडं ओल धरतं."

"ठाऊक आहे, आबा. पाळण्यात असल्यापासून हेच ऐकतेय."

"लांबूनंही ऐकलं होतं," मागून चौकीचे साहेब म्हणाले. "पण मामांचं ऐकेल तर तो लांबू कसला!"

ओट्यावर बूट बांधत बसलेल्या पहारेकऱ्यांचे हात थांबले. लांबू गेला त्याला अजून महिनाही झाला नव्हता, आणि त्याच्याच जागेवर मामांची लेक आज पहिल्यांदा या चौकीच्या गस्तीला निघाली होती.

लांबू म्हणजे मामांचा गस्तीवरचा जोडीदार. चोरट्यांनी लावलेले फास शोधायचे, त्यात अडकलेलं जनावर सोडवायचं, हे दोघांचं काम. एकानं दुबेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठीनं जनावराची मान जमिनीला दाबून धरायची आणि दुसऱ्यानं एका झटक्यात दोर कापायचा. दुसरा झटका मारायला जनावर थांबत नाही. त्या दिवशी फासात रानडुक्कर होतं. काठी मामांकडे होती, सुरी लांबूकडे. सुरी नायलॉनच्या दोरावरून नुसती घसरली. डुक्कर फिरलं आणि लांबूची मांडी उभी फाटली. मामांनी सदरा फाडून आवळून बांधला, पाठीवर घेऊन ते धावले, पण वाटेतच लांबू बोलायचा थांबला.

लांबूनं थोड्याच दिवसांपूर्वी हौसेनं चकचकीत सुरी घेतली होती. मामांनी नाक मुरडलं होतं. त्यामुळे सगळ्यांना कारण आयतंच सापडलं. मामा सांगत होते, यानं ऐकलं नाही. लांबूच्या बायकोनंही रडता रडता तेच म्हटलं होतं, "तुम्ही सांगत होतात, मामा. ह्यांनी ऐकलं नाही." आणि मामांनी मान खाली घातली होती. लोकांना वाटलं, दुःखानं.

चौकीची एक रीत होती. सुरी कुणाचीही असो, धार मामांनीच लावायची. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं फिरवायचं, अंगठ्याचं पेर धारेवर आडवं ओढून बघायचं आणि "जा" म्हणायचं. मामांनी जा म्हटल्यावर धार पुन्हा बघायची नाही. बघणं म्हणजे मामांवर अविश्वास. नवा आलेला कुणी चुकून अंगठा लावायला गेला, तर बाकीचे त्याचा हात धरत. या रीतीचा मामांना मोठा अभिमान होता, तो का नसावा? साहेब बदलले, जीपगाड्या बदलल्या, पण मामांची धार तीच होती.

फक्त ती आता तशी राहिली नव्हती. साखरेच्या आजारानं आधी मामांच्या पायाची बोटं बधिर झाली आणि उन्हाळ्यापासून हाताचीही. सदऱ्याची बटणं ते बघून लावत. गरम चहाचा पेला त्यांच्या हातात पाहून इतर जण कौतुक करत, "मामांची कातडी म्हणजे कातडीच!" डॉक्टरांना त्यांनी पायांचं तेवढं सांगितलं. हातांचं सांगितलं असतं तर चौकीवरून उचलून फाटकाजवळच्या खुर्चीवर बसवलं असतं. दगडाचा आवाज अजून ऐकू येतो, हाताला सवय आहे, तेवढ्यावर निभेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. निभलंही होतं, लांबूच्या सुरीपर्यंत.

लांबूची सुरी दुकानातून आली तेव्हा कागद सरळ कापत होती. मामांना ते ठाऊक होतं. नव्या वस्तूवरचा राग मनात धरून त्यांनी ती दगडावर घेतली, खसाखसा घासली, अंगठा ओढला आणि म्हणाले, जा.

आता लेकीची काळी सुरी त्यांनी दगडावर घेतली. पातं फिरत होतं, आवाज बरा येत होता. सगळे निघायच्या घाईत होते. मामांनी पातं फडक्यानं पुसलं आणि अंगठ्याचं पेर धारेवर ओढलं. काहीच कळलं नाही. पुन्हा ओढलं. दाराच्या चौकटीवरून हात फिरवावा, तेवढंही नाही.

"जा," ते म्हणाले. तोंडाला सवय होती.

लेकीनं सुरीकडे न पाहता ती म्यानात सरकवली, बापाच्या पाया पडली आणि पायऱ्या उतरली. आज तिचा जोडीदार दुसरा एक पहारेकरी होता आणि काठी त्याच्या हातात होती. म्हणजे दोर कापायचं काम तिचं.

"थांब!" ते इतक्या जोरात ओरडले, की सगळेच थांबले. "धार बघून घे."

"मामा, काय बोलताय?" साहेब हसले. "तुमची धार ती बघणार?"

"बघू दे तिला. तो दोर घे. नायलॉनचा."

"आबा, कशाला उगाच?" लेक लाजून म्हणाली. सगळ्यांसमोर बापाची परीक्षा घ्यायची तिला इच्छा नव्हती.

"सांगतोय ना? बघ!"

तिनं खुंटीवरचा दोर पायाखाली धरला, ताणला आणि सुरी मारली. सुरी घसरली. तिनं पुन्हा मारली. दोरावर जरासा पांढरा ओरखडा उठला, बस्स.

लेकीनं वर पाहिलं, ते सुरीकडे नाही, बापाच्या हातांकडे.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून," मामा म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "लांबूची पण मीच लावली होती, साहेब. सुरी चांगली होती त्याची."

साहेबांनी टोपी काढली. एका पहारेकऱ्यानं हळूच आपली सुरी उपसली आणि धारेवर अंगठा ठेवला. मग दुसऱ्यानं. मामा बघत राहिले. काहींनी सुऱ्या परत म्यानात घातल्या, काहींनी मान हलवून दगडाजवळ आणून ठेवल्या. लेक खाली बसली आणि दगडावर पाणी शिंपडून तिनं पहिली सुरी घेतली.

गस्त उशिरा निघाली. मामा तिच्याबरोबर गेले नाहीत. त्यांनी पायात चपला आहेत ना ते वाकून बघितलं आणि लांबूच्या घराची वाट धरली.

लांबूची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. "या, मामा," ती म्हणाली.

मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोटांचं, दगडाचं, जा म्हटल्याचं. "त्याची चूक नव्हती, पोरी. सुरीचीही नव्हती. माझी होती."

ओला सदरा तिच्या हातातच राहिला. पाणी टपकून तिच्या पायांवर पडत होतं.

"मी रोज ह्यांना शिव्या घालत होते, मामा," ती म्हणाली. "रोज. तुमचं ऐकलं नाही म्हणून."

तिनं सदरा झटकला आणि दोरीवर घातला. मग दुसरा कपडा उचलला. बसा असं ती म्हणाली नाही, म्हणून मामा उन्हात उभेच राहिले.