कप्तानाचा कोट

"मान हलवू नका हो, कप्तान!" माझी धाकटी जाऊ ओरडली. पण तोवर मी हलवली होती. अख्खा कोट गर्रकन फिरला, बटणं पाठीवर गेली आणि दोन्ही बाह्या शेजारच्या पंखवाल्या बाईच्या पोटातून आरपार निघाल्या. चौकातले लोक खो खो हसायला लागले.

घाबरू नका, कुणाला काही लागलं नाही. हा चौक संगणकातला. त्या गावात ज्यानं त्यानं आपला अवतार घ्यायचा आणि हिंडायचं. कुणाला शेपूट, कुणाला माशाचं तोंड. तो मिशीवाला कप्तान म्हणजे मी. जावेला याचा पत्ता नाही, अशा आनंदात मी होते. ती तिच्या खोलीत, मी भिंतीपलीकडे सुनेच्या संगणकासमोर. ती माइकवर बोलायची, मी एका बोटानं टाइप करून उत्तर द्यायची.

जावेला सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तशी आणि टोचतेही तशीच. कपड्यांच्या कारखान्यात तिची हयात गेली, पण शिवल्या फक्त कॉलरी. अलीकडची बाई बाह्या जोडायची, पलीकडची काजं करायची, हिच्यापुढे कॉलरींचा ढीग. त्या सगळ्या एकापुढे एक मांडल्या तर चंद्रावर जाऊन परत येतील, आणि हे मी कमी करून सांगतेय. पण एक अख्खा कपडा काही तिच्या हातून झाला नाही. काम सुटल्यावर घरी शिवीन म्हणाली, मशीन घेतलं, आणि हात थरथर कापायला लागले. सुईत दोरा जाईना.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, उगाच जिना उतरायची, चढायची.

"अगं, टेक की जरा," मी म्हणायची.

"टेकले की हात दिसतात, जाऊबाई."

शेवटी सुनेनंच तिला त्या गावात नेऊन सोडलं. तिथे कपडे करता येतात. पडद्यावर तुकडे काढायचे, जोडायचे, अवताराला चढवायचे. हात हलून रेघ वाकडी गेली तर पुसून पुन्हा काढायची, कापड वाया जात नाही. टाचणी सुटलीच! दुकानं पालथी घातली, गल्लीबोळ धुंडाळले. लोकांच्या मागे जाऊन, मानेशी तोंड नेऊन, कॉलरी बघत बसायची. एका नाचघरातून तर तिला हाकलून दिलं, बहुतेक रक्त पिणारी समजून. घरी येऊन, म्हणजे खुर्चीतून उठून, म्हणते कशी, "एवढं मोठं गाव, पण एकालाही धड कॉलर बसवता येत नाही."

मग तिनं कोट करायला घेतला.

"डॉक्टर म्हणालेत, हात आणखी बिघडणार," एकदा चहा पिता पिता म्हणाली. "त्याआधी एक कपडा अख्खा माझा झाला पाहिजे. आणि घालणारा परका हवा हं. घरच्यांना काय, पोतं दिलं तरी छान म्हणतील."

कोट झाला. तिनं तो चौकात टांगला, फुकट. लोक यायचे, शेजारून चमचमते पंख उचलायचे आणि जायचे. टाचणी तिथेही उभी राहीना. कोटाभोवती फेऱ्या, नुसत्या फेऱ्या. भिंतीपलीकडून तिची खुर्ची करकरताना ऐकू यायची. मला काही ते बघवेना. मी सुनेकडून मिशी लावून घेतली आणि चौकात गेले.

"मी कप्तान," मी टाइप केलं. "माझं जहाज देवमाशानं गिळलं. आम्ही त्याच्या पोटात पत्ते खेळत बसलो. निघायच्या गडबडीत माझा कोट आणि माइक आतच राहिला. हा कोट मला होईल का?"

भिंतीपलीकडची खुर्चीची करकर थांबली.

"सरळ उभे राहा," टाचणी म्हणाली. "बघते."

आणि मग ती मघाची फजिती झाली. त्याचं असं आहे, तिथे कपड्याच्या प्रत्येक भागाला सांगावं लागतं, तू शरीरात कुणाबरोबर हलायचं. बाहीनं हाताबरोबर, पाठीनं पाठीबरोबर. टाचणीनं सगळा कोट मानेला बांधला होता. तिच्या लेखी कपडा मानेपाशीच सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

"काकू, हा कोट आहे का पंखा?" पंखवाली म्हणाली.

"तू पंख लावून पायी का हिंडतेस ते सांग आधी!" टाचणीनं सुनावलं, पण आवाज चिरकला.

मी घाईघाईनं टाइप केलं, "मला असाच हवा. समुद्रावर वारा कुठूनही येतो."

"गप्प बसा. चुकलेला कपडा मी बाहेर जाऊ देणार नाही. काढा तो."

त्यानंतर किती तरी दिवस भिंतीपलीकडून एकच पाठ चालू. "बाही, तू हाताबरोबर. खिशा, तू कमरेबरोबर. मेल्या हाता, तू जरा गप राहा!" एकदा माऊस भिंतीवर आपटला. मी इकडे दचकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बाही, तू हाताबरोबर."

आणि एका दुपारी कप्तानानं कोट घातला. मान वळवली, कोट जागेवर. हात वर केले, बाह्या वर. मी त्याला पळवलं, नाचवलं, कारंज्यावरून उड्या मारायला लावल्या. पंखवाली सगळ्या बाजूंनी फिरून बघून गेली.

"कुणी केला हो?"

मी उत्तरादाखल एक जंगी थाप टाइप करतच होते, तेवढ्यात टाचणी म्हणाली, "मी. अख्खा."

मग माझं लक्ष गेलं. कॉलर डावीकडे बोटभर खाली होती. हात हलला असणार बिचारीचा. न राहवून मी टाइप केलं, "डावी बाजू जरा उतरलीय का?"

"मुद्दाम उतरवलीय. तुमची मान डावीकडे कलते ना, मग त्या बाजूला कॉलर टोचते."

कप्तानाची मान खांबासारखी ताठ होती. कलते ती माझी, जिन्यावरून पडले तेव्हापासून. मी बोट उचललं.

चहाला ती आली. कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडला.

"परका हवा होता ना गं तुला?"

"हवा होता." तिनं कप खाली ठेवला. "पण देवमाशाच्या पोटातले पत्ते लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय मी. डाव कुणी जिंकला, ते काही तुम्ही अजून सांगितलं नाहीत."

मी हसले. ती नाही हसली. तिला बसवेना. उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या गाऊनची कॉलर दोन्ही हातांनी धरली. मानेवर तिची बोटं थरथरत होती.

"मान हलवू नका, जाऊबाई."

मी हलवली नाही.