चांगुणाच्या नावाचं मत

चांगुणा जाऊन तीन महिने झाले होते आणि गावच्या मतदार यादीत ती अजून जिवंत होती. अनुक्रमांक तीनशे बारा, चांगुणा ज्ञानोबा ओव्हाळ, स्त्री, वय एकसष्ट.

ज्ञानोबाला हे माहीत होतं. नाव काढायचा फॉर्म घेऊन शाळेतल्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. पहिल्यांदा तो म्हणाला, चष्मा सापडत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, नात कॉलेजातून आली की सही करतो. चष्मा त्याच्या खिशातच होता. पण बायकोच्या नावासमोर ‘मयत’ लिहायला त्याचा हात उठला नाही. रेशनवाल्यानं वहीतून तिचं नाव खोडलं होतं, दवाखान्याची फाईल मुलानं नेली होती. एका यादीत राहू दे, कुणाचं काय जातंय, असं त्याला वाटलं.

चांगुणाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला महारुद्र अण्णा वस्तीतल्या बुद्धविहारात आले होते. गावची सरपंच त्यांची बायको राजेश्वरी, पण पाच वर्षं कारभार अण्णांनीच केला. ज्ञानोबा गवंडी. अण्णांच्या घराच्या भिंती त्यानंच बांधलेल्या, आणि तेव्हापासून अण्णा त्याला ‘ए ज्ञानबा’ म्हणायचे. त्या दिवशी मात्र जवळ बसून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ज्ञानोबा, तुम्ही कशाची काळजी करू नका. मयताचा दाखला पंचायतीतून मी काढून देतो. वहिनींचं आधार आन मतदान कार्ड तेवढं माझ्याकडं द्या.”

ज्ञानोबानं कार्डं दिली. पहिल्यांदाच ‘तुम्ही’ ऐकून त्याला बरंही वाटलं होतं.

निवडणूक लागली. राजेश्वरीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर उभी राहिली समृद्धी. चोवीस वर्षांची, कोरडवाहू चार एकरवाल्याची पोरगी. येरमाळ्याला ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवायची. तिच्या मागं गावातली वीस-पंचवीस पोरं-पोरी होती आणि त्यात ज्ञानोबाची नात चैताली सगळ्यांत पुढं. चैतालीचा बाप प्रसेनजित धाराशिवला नोकरीला. ती मात्र कळंबच्या कॉलेजात जायला जवळ पडतं म्हणून आजी-आजोबांकडे राहिलेली. वय एकोणीस. या पोरांनी वर्षभर आधीच घरोघर जाऊन अठरा पूर्ण झालेल्यांचे फॉर्म भरून घेतले होते. त्रेसष्ट नवी नावं यादीत चढली. मागच्या वेळी राजेश्वरीबाई एकोणीस मतांनी निवडून आल्या होत्या, आणि हे दोन्ही आकडे गावात शेंबड्या पोरालाही पाठ होते.

तरी अण्णांची माणसं निवांत होती. अण्णांचा उजवा हात बसवराज. तो एका सकाळी चहाच्या टपरीवर पोरांना म्हणाला, “मोबाईलवर अंगठा दाबल्यानं मत पडत न्हाय रं. मशीन येगळी असती.”

चैताली दुधाची पिशवी घ्यायला आली होती. ती म्हणाली, “काका, आमी निदान जित्त्या माणसाच्या अंगठ्यानं दाबतो. तुमच्याकडची मेलेली माणसं उठून येत्यात दाबायला.”

टपरीवर हशा पिकला. बसवराजनं ग्लास आदळला. ज्ञानोबा बाकड्यावरच बसला होता. तो हसला नाही. घरी आल्यावर त्यानं विचारलं, “मेलेली कोण?”

चैतालीनं दप्तरातून यादी काढली. सतरा नावांवर लाल पेनानं रेघा होत्या. ती एकेक दाखवत गेली. कुणी करोनात गेलेलं, कुणी त्याच्याही आधी. मागच्या लोकसभेला आणि विधानसभेलाही यातल्या बहुतेकांची मतं पडली होती. तीनशे बारावर ती थांबली.

“आजीच्या नावावर रेघ मारलीस?” ज्ञानोबाचा आवाज चढला. “तुला कुणी सांगितलं हुतं?”

“रेघ मारली म्हणून राग आला, आजोबा? तिच्या नावानं दुसरी बाई जाऊन बटन दाबणार हाय, त्येचा न्हाय येत?”

“अण्णा आसं करायचे न्हाईत. कार्डं दाखल्यासाठी नेल्यात त्येनी.”

“मग दाखला कुठाय? तीन म्हैनं झालं.”

ज्ञानोबा उठला. टोपी घातली आणि तडक अण्णांच्या घरी गेला. अण्णा ओट्यावर माणसांच्या घोळक्यात बसले होते.

“दाखला पायजे हुता,” ज्ञानोबा म्हणाला.

“निवडणुकीनंतर. आचारसंहिता हाय.”

“आचारसंहितेत माणूस मेलेलं चालत न्हाय व्हय?”

ओट्यावरची दोघं-तिघं तोंड फिरवून हसली. अण्णांचा चेहरा बदलला. “ए ज्ञानबा, नातीनं पढवून पाठवलंय काय तुला? गुमान घरी बस. तुझी बायको जित्ती असताना आमालाच मत द्यायची. आता बी आमालाच पडंल. बिघडलं कुठं?”

“आमालाच द्यायची, हे तुमाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? अख्खी वस्ती देती.”

ज्ञानोबा परत निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चांगुणा मत कुणाला द्यायची हे त्यालाही माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं कधी सांगितलं नाही. एकदा त्यानं खोदून विचारलं तर म्हणाली होती, “तुमचं तुमी बघा, माझं म्या बघते. बाबासाहेबांनी दोगांला दोन मतं दिल्यात, एक न्हाय.” नवऱ्याला जे तिनं कळू दिलं नाही, ते आता महारुद्र स्वतःचं म्हणून वापरणार होता.

घरी येऊन त्यानं चैतालीला विचारलं, “आता फॉर्म भरला तर?”

“आता यादी बदलत न्हाय. मी समृद्धीताईची एजंट म्हणून आत बसणार हाय. आजीच्या नावानं कुणी आलं की हरकत घेईन. पण साहेब पुरावा मागतील. दाखला त्यांच्याच कपाटात हाय.”

“म्या हाय की पुरावा,” ज्ञानोबा म्हणाला.

मतदानाच्या दिवशी तो सकाळी साडेसातलाच शाळेत जाऊन रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला की मागच्याला म्हणायचा, “तू हो पुढं, मला घाई न्हाय.” असं करत तो दारापाशीच राहिला. हवालदारानं दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा म्हणाला, “बाबा, मत द्यायचंय का वर्गात नाव घालायचंय?”

“अजून घरची यायचीय,” ज्ञानोबा म्हणाला.

नऊ वाजल्यापासून पोरांची रीघ लागली. पुण्याहून रातच्या गाड्यांनी येरमाळ्याला उतरलेली, तिथून मिळेल त्या वाहनानं गावात आलेली. कुणी कंपनीत दोन दिवसांची रजा टाकलेली, कुणी परीक्षेचा अभ्यास पिशवीत घेऊन आलेली. झोप न झालेले डोळे, पण रांगेत टिंगलटवाळी चालू. बाहेर येऊन शाई लावलेली बोटं एकमेकांना दाखवत होती. बसवराज आत राजेश्वरीबाईंचा एजंट म्हणून बसला होता. दर पोराच्या नावाला तो यादीवर खूण करायचा आणि घाम पुसायचा.

अकराच्या सुमाराला फाटकापाशी जीप थांबली. चार बाया उतरल्या. पहिली पदर पुढं ओढून आत गेली. ज्ञानोबा दारातच होता.

“नाव?” टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

“चांगुणा.”

“नवऱ्याचं नाव?”

“ज्ञानोबा ओव्हाळ.” घडाघडा पाठ म्हटल्यासारखं ती बोलली.

ज्ञानोबानं वळून तिच्याकडं पाहिलं. चांगुणानं त्याचं नाव उभ्या आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं. रेशन दुकानदारानं विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची, “तूच सांग गं.” दवाखान्यात अखेरच्या आठवड्यात नर्सनं विचारलं, तेव्हा नाकात नळी असतानाही तिनं बोटानं त्याच्याकडं दाखवलं होतं. मागच्या मतदानाला याच शाळेत तिनं मागं उभ्या असलेल्या सारजाबाईकडून नाव सांगवून घेतलं होतं. या बाईला पढवणाऱ्या पुरुषांना एवढंही कळलं नव्हतं. त्यांनी यादीतलं वाचलं आणि तिच्या तोंडात घातलं.

आत चैताली उठून उभी राहिली. “साहेब, माझी हरकत हाय. ही बाई चांगुणा ओव्हाळ न्हाय. चांगुणा ओव्हाळ माझी आजी हुती. ती तीन महिन्यांपूर्वी वारली.”

“दाखला दाखव,” बसवराज लगेच म्हणाला. “कार्ड हाय तिच्याकडं. आधार हाय. पोरी काय बी बोलत्यात. साहेब, मतदान चालू ठेवा.”

केंद्राध्यक्ष बाहेरगावचे, चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी कार्ड बघितलं, यादी बघितली. यादीतला फोटो असा काळपट की कुणाचाही म्हणून खपला असता. “मृत्यूचा दाखला आहे का?” त्यांनी चैतालीला विचारलं.

“न्हाय साहेब. पण—”

“पण म्या हाय,” ज्ञानोबा म्हणाला आणि हवालदाराचा हात बाजूला करून आत आला.

“तुम्ही कोण?”

“आत्ता जिनं नाव घेतलं ना, त्यो ज्ञानोबा ओव्हाळ म्या. ह्ये माझं कार्ड.” त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. मग बाईकडं वळला. “तू माझी बायको का?”

बाईनं पदर आणखी पुढं ओढला.

“म्हण की व्हय. आत्ता म्हणालीस न्हवं? मग चल घरी. तीन म्हैनं झालं, मला चूल पेटवाय येत न्हाय. पोरगी कॉलेजला जाती, म्या पाव खाऊन दिवस काढतोय. चल, दोन भाकरी थाप. पांघरुणाची घडी तशीच हाय, मोडली न्हाय म्या. चल ना. तू आलीस म्हणल्यावर लेक धाराशिवहून पळत यील.”

रांगेत आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं गप्प झालं. ज्ञानोबाचा आवाज फाटला होता, पण तो थांबला नाही.

“साहेब, माझी बायको मेली. चांगुणा मेली. म्या माझ्या हातानं अग्नी दिलाय तिला. आजपत्तोर म्या तोंडानं म्हणलो न्हाय, ‘गेली’ म्हणत हुतो. शाळंच्या बाई फॉर्म घिऊन आल्या तरी सही केली न्हाय, ती चूक माझी. लिवून घ्या ती. पण तिचं मत तिचं हुतं. नवऱ्याला बी कधी दावलं न्हाय तिनं. ते ह्या बसवराजच्या अण्णाला कुणी दिलं?”

“म्हाताऱ्याला नातीनं चढवलंय, साहेब,” बसवराज म्हणाला. “जातीचं राजकारण चाललंय.”

“जातीचं?” रांगेतून एक पोरगा ओरडला. “माझा आजा पाटील. त्यो बी मेलाय आन त्यो बी मत देतो, मागल्या दोन डावाला. त्येची जात काढ की आता!”

केंद्राध्यक्षांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. मग बाईकडं पाहून शांतपणे म्हणाले, “बाई, खोट्या नावानं मत देणं गुन्हा आहे. आता इथं लेखी जबाब होईल. तुमचं खरं नाव सांगता का?”

बाईनं टेबलाची कड धरली. ज्ञानोबाला तिची दया आली. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे हात होते, कोयत्याचे घट्टे पडलेले. “साहेब, हिला सोडा,” तो म्हणाला. “हिला जीपमधी घालून आणलीय. जीप कुणाची हाय ते तेवढं लिवा.”

बाईनं कार्डं टेबलावर टाकली आणि पदर सावरत निघून गेली. दोन्ही कार्डं चांगुणाचीच होती. केंद्राध्यक्षांनी ती पाकिटात घातली, नावापुढं शेरा मारला आणि ज्ञानोबाचा जबाब लिहून घेतला. खाली सही करताना त्यानं खिशातून चष्मा काढला, ‘मयत’ हा शब्द दोनदा वाचला आणि सही केली. मग मत दिलं.

बाहेर आला तर उरलेल्या बायांना घेऊन जीप गेलेली होती. ती परत येणार म्हणून तो फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसला. बायकांच्या रांगेतून सारजाबाई पुढं आली. कुणब्याची बाई, नवरा करोनात गेलेला. खिडकीतून ती चैतालीला म्हणाली, “पोरी, आमच्या घरचं नाव बी हाय का गं त्यात?”

चैतालीनं विचारलं नाही कुणाचं. “हाय, मावशी.”

“मग म्या बी बसते,” सारजाबाई म्हणाली आणि मत देऊन ज्ञानोबाजवळ लिंबाखाली येऊन बसली. अर्ध्या तासात तिथं सात-आठ माणसं जमली. जिचा भाऊ यादीत होता ती, ज्याचा बाप होता तो. पाटलाचा नातू पुण्याची बॅग उशाला घेऊन आडवा झाला. समृद्धी पाण्याचा जार देऊन गेली.

तीन वाजता जीप परत आली. आत पाच-सहा जण दाटीवाटीनं बसलेले. ज्ञानोबा उठला आणि बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला.

“या पाव्हणं, उतरा,” तो मोठ्यांदा म्हणाला. “कुणाकुणाच्या घरचं म्हणून आलाव? घरची माणसं हितंच बसल्यात. वळखून घेत्यात, मगच आत जावा.”

सारजाबाईही उठली. बाकीचे उठले. पाटलाचा नातू मोबाईल काढून जीपचा नंबर टिपू लागला. आतून कुणी उतरलं नाही. बसवराज शाळेतून धावत आला. “ज्ञानबा, बाजूला हो. निकाल लागू दे, मग बघतो तुला.”

“तुम्ही म्हण आधी.”

“काय?”

“तुम्ही म्हण. आन मग बघ काय बघायचं ते. साडेपाचपत्तोर हितंच हाय म्या.”

ड्रायव्हरनं बसवराजकडं पाहिलं. बसवराज रांगेकडं पाहत होता. तिथं अजून वीस-बावीस पोरं उभी होती आणि सगळ्यांची तोंडं फाटकाकडं वळलेली होती. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला.