एका तालातल्या टाळ्या

बुडापेस्टच्या रसिकांची खोड एतेल्काबाईंना पक्की ठाऊक होती. वादन मनापासून आवडलं की विखुरलेल्या टाळ्या आपोआप एका तालात पडायच्या. नाहीतर नुसती सभ्य खडखड, आणि तीही जुन्या कलावंताच्या वाट्याला आली की समजायचं, आपले दिवस भरले.

मनगट मोडल्यानंतर आज त्या पहिल्यांदाच लोकांपुढे पियानोवर बसल्या होत्या. शेवटच्या द्रुत रचनेत डाव्या हाताने दगा दिला, आणि झाली ती खडखडच.

विंगेत लेक बोरी कोट घेऊन उभी होती. "चल आई. वयाच्या मानाने छान झालं."

"वयाच्या मानाने जिने चढतात गं. पियानो नाही वाजवत." बाई पुन्हा मंचाकडे वळल्या.

"अगं, पण कुणी बोलावलंय का तुला परत?"

"मी कुठे विचारतेय त्यांना?"

लोक उठायला लागले होते. बाई तरातरा परत गेल्या, बसल्या आणि तीच रचना पहिल्यापासून वाजवली, मघापेक्षा वेगाने. डावा हात या खेपेला गुमान चालला. टाळ्या उसळल्या, विखुरल्या आणि बघता बघता अख्खं सभागृह एका तालात आलं.

बाई विंगेत परतल्या तेव्हा बोरीने डोळे पुसले. "आई, बोलावतायत. जा ना."

"जाते. जरा त्यांचेही हात दुखू देत."