तळातले लाल मणी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. जरा धक्का लागला की माझ्या पोटातले दोन हजार मणी खळखळतात. सोळाशे पांढरे, चारशे लाल. सोबत पन्नास खळग्यांची एक लाकडी पळी. पळीत आलेले लाल मणी मोजून पेटीत एकूण किती असतील, याचा अंदाज बांधायला मुले माझ्यावर शिकली. संख्याशास्त्राच्या वर्गात माझा केवढा थाट होता!

मग संगणक आले आणि मी कपाटावर गेले. बिजागरी तुटली, लाल मणी हरवले. कुणीतरी त्यांच्या जागी काचेचे जड लाल मणी भरले. गेल्या वर्षी संख्याशास्त्राच्या मॅडमनी मला पुन्हा खाली काढले, तेव्हा मी हरखून गेले. पण प्रत्येक पळीत लाल मणी चार, फार तर पाच. यायला हवेत दहाच्या आसपास. मॅडम म्हणायच्या, "योगायोग." मी आतल्या आत तळमळायचे. मला सांगता येत नव्हते ना!

आज मॅडमनी दहा वेळा पळी फिरवली, तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. इस्त्रीवाल्याची लेक, वर्षभरात तोंड उघडले नव्हते तिने.

"मॅडम, योगायोगाने कधी कमी, कधी जास्त यायला हवेत. दहाही वेळा कमीच कसे?"

तिने मला टेबलावर चक्क पालथे केले. लाल मणी मोजले, तर चारशेच्या चारशे होते, पण बहुतेक तळाशी बसलेले. मॅडम पळी वरवरच फिरवत होत्या.

मॅडम ओशाळल्या. टेबलावर उन्हाळी प्रशिक्षणाच्या अर्जांची यादी होती. पाच नावे, पाचही पहिल्या बाकावरची.

"तू अर्ज का नाही केलास गं?"

"कसला अर्ज, मॅडम?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. आजच शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. घड्याळात साडेचार. त्यांनी कोरा अर्ज तिच्या हातात दिला, आणखी चार घेऊन मागच्या बाकांकडे गेल्या.

मुलीचे पेन चालेना. "पप्पा म्हणतात, पदवी झाली की दुकानात बस."

"विचार तर त्यांना."

तिने फोन लावला. माझा जीव टांगणीला लागला.

"जमतं का तुला ते?" पलीकडून आवाज आला.

"आज मॅडमची चूक काढली, पप्पा."

पलीकडे इस्त्रीच्या वाफेची फुसफुस ऐकू आली.

"मग भर की. कपडे काय, मी करतोच आहे."

पाचला दहा कमी असताना ती अर्ज घेऊन जिन्यावरून धावत सुटली. मागचे आणखी दोघे तिच्यामागे.

माझे मणी अजून टेबलावर पसरलेत, काही बाकाखाली घरंगळलेत. मित्रांनो, वेचून ठेवा मला, बिजागरीही बसवा. पण पुन्हा पळी घालाल ना, तेव्हा आधी मला नीट ढवळा. खाली बसलेल्यांना हाक ऐकूच जात नाही हो.