मंगळवारचा आवाज

दर मंगळवारी दिवेलागणीला चाळीस गावांतले फोन एकदम वाजायचे आणि त्या सगळ्यांतून सनातू बोलायची. खरी सनातू तेव्हा कुपाली गावात, आपल्या अंगणात, उद्याच्या लापशीसाठी बाजरी भिजत घालत असायची.

दवाखान्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली ती सकाळी लापशी विकायची. त्याआधी काही वर्षं तिनं बायकांना लिहा-वाचायला शिकवलं होतं, आणि तिला इंग्रजीही येत होतं. तामाले शहरातून, गरोदर बायकांसाठी फोनवर निरोप पाठवणाऱ्या प्रकल्पाची माणसं इंग्रजी आणि इथली दागबानी भाषा दोन्ही येणारी बाई शोधत आली, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं.

त्यांच्यात एडेम नावाचा, देशाच्या दक्षिणेकडचा तरुण अधिकारी होता. त्यानं कागद पुढे केला. लक्षणांच्या यादीवर लिहिलं होतं, ‘गरोदरपणात धोक्याची लक्षणे आढळल्यास जवळच्या आरोग्य केंद्राशी त्वरित संपर्क साधावा.’

सनातूला हसू आलं. “हे ऐकणार कोण?”

“गरोदर बाई.”

“अहो, फोन नवऱ्याच्या खिशात. आणि बाई घराबाहेर पडणार ती सासूनं म्हटलं तर. आधी सासूशी बोला.”

“मग तुम्हीच सांगा कसं बोलायचं ते.”

सनातूनं कागद उलटा ठेवला. आपल्याकडे पहिलटकरणीचं दुखणं चारचौघांत बोलत नाहीत, मोठ्यांना विचारल्याशिवाय कुणी निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं आवाज भरून घ्यायच्या यंत्रापाशी तोंड नेलं आणि घरातल्या म्हातारीशी बोलावं तशी बोलली, “आजी, ऐकतेस ना? सुनेच्या पावलावर बोट दाबून बघ. खळगा राहिला, डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर घरधनी शेतावरून यायची वाट बघू नकोस. तूच निघ. तुला कुणी नावं ठेवणार नाही. दवाखान्यात ये. तिथं तुझी माणसं आहेत.”

शेवटचं वाक्य कागदाला धरून नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. एडेमला ते फार आवडलं.

वर्षभरात बायका येऊ लागल्या. सासवाच त्यांना घेऊन यायच्या. मोटरकिंग म्हणजे मालाची तीनचाकी, तिच्या मागच्या हौद्यात चटई अंथरून. लापशी पिता पिता बायका सनातूची फिरकी घ्यायच्या.

“सनातू, काल पुन्हा माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागली होतीस म्हणे!”

“लागणारच. तुझं ऐकत नाही, माझं तरी ऐकतो.”

ऑगस्टातल्या एका सकाळी अशीच एक मोटरकिंग आली. मागे आझारा नावाची म्हातारी, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली तिची सून, राहिना. एकोणीस वर्षांची, आठवा महिना. पोरीचा चेहरा इतका सुजला होता की डोळे उघडत नव्हते. फाटकापाशीच तिला पहिला झटका आला.

दवाखान्यात वुंपिनी ही एकटीच नर्स होती. तिनं दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि बाहेर येऊन सनातूला बाजूला घेतलं.

“मावशी, झटक्यांचं इंजेक्शन नाहीये. दोन महिने झाले. तीनदा मागणी पाठवली मी.”

“मग?”

“तालुक्याच्या इस्पितळात न्यायला हवं. अँब्युलन्स बोलावलीय. पण ओढ्याला पूर आहे, ती अलीकडे येणार नाही. आपणच काठापर्यंत जाऊ. तोवर पाणी उतरलं तर...”

“उतरेल,” सनातू म्हणाली.

तो आवाज ऐकताच आझारानं मान वर केली. सनातूकडे रोखून पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला, माहेरचं माणूस भेटावं तसा.

“अगं, तूच की ती! मंगळवारची!” तिनं सनातूचे दोन्ही हात धरले. “मी थांबले नाही बघ. पोरगा शेतावर होता, त्यालासुद्धा विचारलं नाही. तू म्हणालीस तस्संच केलं. बोटानं दाबलं, खळगा पडला, तशी निघाले. आता पुढचं सांग.”

पुढचं सनातूपाशी नव्हतं. तिचा निरोप दवाखान्याच्या दारापर्यंतच होता. “आम्ही आहोत ना,” ती कशीबशी म्हणाली, आणि लापशीचं पातेलं तसंच टाकून हौद्यात चढली.

बारा किलोमीटर चिखलातून जायला दीड तास लागला. वाटेत दुसरा झटका आला. वुंपिनी पोरीला कुशीवर धरून बसली होती. तिच्या हातात तेवढंच होतं.

ओढ्यावरच्या फरशी पुलाचा पत्ता नव्हता. तांबडं पाणी मुळांसकट झाडं घेऊन चाललं होतं. पलीकडच्या काठावर पांढरी अँब्युलन्स उभी होती, वरचा दिवा फिरत होता. फोन मात्र छान लागत होता. पलीकडचा ड्रायव्हर शेजारी बसल्यासारखा स्पष्ट ऐकू येत होता.

“ताई, मला तुम्ही दिसताय. पण गाडी घातली तर सगळेच जाऊ.”

“त्या गाडीत औषध आहे?” आझारानं विचारलं.

“आहे,” वुंपिनी म्हणाली.

“मग इतकं समोर दिसतंय तर आणत का नाहीत?”

मोटरकिंगवाला फुसेनी कमरेएवढ्या पाण्यात शिरला. दोनदा पडला, एक फांदी धरून परत आला आणि गिळलेलं पाणी काठावर ओकला. आझारा मग सनातूकडेच वळली. “तू सांग ना त्यांना. तुझं सगळे ऐकतात.”

सनातूनं फोन घेतला, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. ड्रायव्हर ऐकून घेत राहिला. शेवटी तोही रडायला लागला.

दुपारी तिसऱ्या झटक्यानंतर राहिना शुद्धीवर आली नाही. बाळही गेलं. पाणी ओसरलं ते दुसऱ्या दिवशी.

पुढच्या महिन्यात एडेम नवे निरोप भरून घ्यायला आला. सनातूनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “औषधं आमच्याकडे नाहीत, मावशी. ते खातं वेगळं. मी पत्रं लिहिलीत, उत्तर येत नाही.”

“ते माझं वाक्य काढा. तुझी माणसं आहेत, ते.”

“काढतो. दवाखान्यात ये, हेही काढू?”

“घरी राहिली असती तरी गेलीच असती ती.”

“मग काय ठेवू?”

सनातूनं पुष्कळ विचार केला. बायका यायच्या थांबल्या तर इतर दहाजणी घरात मरतील, हेही तिला कळत होतं. तिनं निरोप पुन्हा भरला, ते एक वाक्य गाळून. तीनदा अडखळली, तीनदा पुन्हा म्हणावं लागलं.

हल्ली परगावची मोटरकिंग फाटकाशी थांबली की सनातू बोलत नाही. मुकाट्यानं वाडगे भरते, मानेनंच हो-नाही करते. परवा एक सासू सुनेला हळूच म्हणाली, “बिचारी मुकी आहे वाटतं.” सुनेची पावलं सुजलेली होती. सनातूनं लापशीचा डाव खाली ठेवला आणि इंजेक्शन आलंय का, हे विचारायला ती आत वुंपिनीकडे गेली.