हौदातली दोरी

दादाने फोनवर विचारलं, महिनाभर बाबांकडे येऊन राहशील का. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबांचं सगळं त्याने आणि वहिनीनेच केलं होतं, आणि आता वहिनीच्या आईचंही ऑपरेशन निघालं होतं. धाकटी म्हणाली, येते की, त्यात विचारायचं काय. आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिने पहिलं काय केलं, तर त्या गावात पोहायचा तलाव आहे का ते शोधलं. बाबांना कुठल्या गोळ्या चालू आहेत हे त्यानंतर विचारलं. हा क्रम कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण तिला तो माहीत होता, आणि गाडीत बसल्यापासून तो तिचं मन खात राहिला.

तिची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की चाळिशी उलटल्यावर तिला पहिल्यांदाच कुणीतरी कशात तरी घेतलं होतं. चौघी मैत्रिणी आळीपाळीने पोहत किनाऱ्यापासून समोरच्या बेटापर्यंत जाणार होत्या. चौथी म्हणून हिची वर्णी लागली, ती दुसरी कुणी सापडेना म्हणून. हे त्यांच्या म्होरकीने तिला तोंडावर सांगितलं होतं. महिनाभर पाण्याबाहेर राहिली असती तर तिला नारळ मिळणार हे ठरलेलंच होतं.

गावातला सार्वजनिक तलाव फरशा बदलायला रिकामा केला होता. क्लबचा तलाव फक्त सभासदांसाठी; तिथल्या पहारेकऱ्याने तिचं म्हणणं अगदी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग फाटक लावलं. राहता राहिला इस्पितळाच्या तळमजल्यावरचा, रुग्णांच्या व्यायामाचा छोटा तलाव. कोमट पाणी, छातीइतकी खोली, आणि चार हात मारले की समोरची भिंत. तिथल्या फिजिओ बाई म्हणाल्या, व्यायाम जमिनीवर केला काय, पाण्यात केला काय, फारसा फरक नाही. काकांना आवडेल तसं करू. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस पाण्यात उतरू शकतं, हेही त्यांनी सांगितलं. धाकटीने घरी येऊन बाबांना एवढंच सांगितलं, की तुमच्या पायाला पाणीच चांगलं.

बाबा जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. सगळी नोकरी त्यांनी वायरमन म्हणून केली. त्यांना उंचीची भीती नव्हती, तारांची नव्हती, पाण्याची मात्र होती. तरी ते आले. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून, ते त्या ‘हौदात’ उतरले, आणि पाणी छातीला लागलं तसं म्हणाले की डॉक्टर म्हणतात तर असेल बरं. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं, हे धाकटीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना पुन्हा नेलं.

एवढ्याशा तलावात पोहणार काय? त्यावर तिच्याकडे इलाज होता. एक रबरी दोरी असते. तिचं एक टोक कमरेच्या पट्ट्याला, दुसरं कशाला तरी बांधायचं, आणि जागच्या जागी पोहत राहायचं. माणूस हातपाय मारतो, दोरी त्याला पुढे जाऊ देत नाही. धाकटी ती दोरी कठड्याला बांधायला लागली, तेव्हा फिजिओ बाईंनी अडवलं. कठडा रुग्णांसाठी आहे, त्याला काही बांधायचं नाही.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "मी धरतो."

दोरी धरण्यात त्यांची हयात गेली होती. जोडीदार खांबावर चढायचा, त्याच्या कमरेची दोरी खाली बाबांच्या हातात असायची. वरच्याचा पाय घसरला तर त्याचं वजन तोललं जायचं ते खालच्याच्या मनगटावर. बाबांनी कधी कुणाला पडू दिलं नव्हतं, आणि हे ते दर वर्षी निदान एकदा तरी सांगत. त्यांनी सरावाच्या हाताने दोरीचे वेढे मनगटाला दिले, पाठ भिंतीला टेकवली आणि मान हलवली. त्या दिवसापासून त्यांची हौदाची भीती गेली. त्यांना काम मिळालं होतं.

धाकटी अर्ध्या जोराने पोहायची आणि स्वतःची समजूत घालायची, की असं नेट लावून उभं राहणं हाही त्यांना व्यायामच आहे. आणि त्यांना गुण येतही होता. पुढच्या खेपेला वॉकर काढून काठी देऊ, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना एकच हवं होतं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे स्वतःच्या पायांनी जायचं. घरी खुर्चीत बसवून दादा त्यांची दाढी करायचा, ती त्यांना अगदी जिवावर यायची. काठी मिळणार म्हटल्यावर त्यांनी न्हाव्याला निरोपसुद्धा धाडून ठेवला.

त्याच आठवड्यात एका सकाळी म्होरकीचा निरोप आला. परत आलीस की तुझी चाचणी घेणार, मागे पडलीस तर दुसरी तयार आहे. धाकटी पाण्यात उतरली ती डोक्यात राख घालूनच. फिजिओ बाई शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या होत्या. तिने डोकं पाण्यात घातलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. दोरी ताणली गेली, मग जरा सैल पडली, पुन्हा ताणली गेली. सैल पडलेली तिच्या लक्षात आली होती. तिने आणखी जोर लावला.

ती थांबून उभी राहिली तेव्हा बाबा भिंतीपाशी नव्हते. तलावाच्या मधोमध, गळ्यापर्यंत पाण्यात, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून ते तिरके उभे होते. दोरीचे वेढे मनगटात रुतले होते. चेहरा पांढराफटक पडला होता. भिंतीपाशी हाताशी असलेला कठडा त्यांनी सोडला होता. दोरी सोडली नव्हती.

हाडात बसवलेला स्क्रू हलला होता. या वयात पुन्हा चिरफाड नको, डॉक्टर म्हणाले. आता वॉकर कायमचाच समजा. काकांना एकटं सोडून मी बाहेर जायला नको होतं, असं फिजिओ बाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. धाकटीने त्यांना म्हणू दिलं.

बाबा मात्र खुशीत होते, हेच तिला सोसवेना. दादाचा फोन आला की ते म्हणत, पोरगी बुडायला चालली होती, धरून ठेवली. एकदा दादाने फोन तिच्याकडे द्यायला लावला आणि सांगितलं, की बाबा होते म्हणून वाचलीस. ती हो म्हणाली. शेजारचे भेटायला यायचे, बाबा त्यांना मनगटावरचा वळ दाखवायचे, आणि धाकटी चहाचे कप घेऊन दारात उभी राहून सगळं ऐकायची. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आत्ता सांगावं. मग वाटायचं, पाय तर गेला, आता हेही काढून घ्यायचं का? आणि त्याच्याही तळाशी वाटायचं, की गप्प राहणं आपल्यालाच सोयीचं आहे. तिला स्वतःचीच किळस आली.

दादा-वहिनी परत यायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. बाबा पलंगावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "त्या बेटाकडे जाताना तुझी दोरी कोण धरणार?"

तिने बॅगेची चेन ओढली.

"नीट धरणारं कुणी असेल तरच जा. नाहीतर नको जाऊस."

धाकटी पलंगाच्या कडेला येऊन बसली. "बाबा, तिकडे दोरी नसते."

"मग बुडालीस तर?"

"ती दोरी मी बुडू नये म्हणून नव्हती. पुढे जाऊ नये म्हणून होती. तुम्ही सोडली असतीत तर मी समोरच्या भिंतीला जाऊन लागले असते. एवढंच झालं असतं." आता थांबली तर उरलेलं कधीच सांगता येणार नाही, हे तिला कळत होतं. "दोरी सैल पडली ते मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही. आणि व्यायाम घरीसुद्धा चालला असता. पाणी मला हवं होतं."

बाबांनी मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. मग म्हणाले, "वर चढणाऱ्याने खालच्याला हे आधी सांगायचं असतं."

आवाज चढलेला नव्हता. कामावर नव्याने आलेल्या माणसाला सांगावं तसा होता.

थोड्या वेळाने त्यांनी वॉकर मागितला. त्यांना बाथरूममध्ये जायचं होतं. तिने वॉकर पुढे ठेवला आणि रोजच्यासारखा त्यांच्या काखेत हात घालायला गेली. त्यांनी तो हात काढून बाजूला ठेवला, दोन्ही मुठी दांड्यांवर आवळल्या आणि कण्हत कण्हत उठले. ती दोन पावलांचं अंतर ठेवून मागून चालत राहिली. आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी लावून घेतली.